झाकणावरचं नाव

प्रयोगशाळेत तिला समोर सगळे अक्का म्हणत आणि पाठीमागे ‘तळ’. “तळ आला, पेनं सांभाळा,” असं कुणी कुजबुजलं की समजायचं, अक्का दारातून आत आल्या. तिला हे नाव ठाऊक होतं. तिचा त्याला काही आक्षेप नव्हता. उलट मनातून जरा बरंच वाटायचं.

नावाचं कारण साधं होतं. जंतू वाढवायची प्लेट म्हणजे हाताच्या तळव्याएवढी प्लास्टिकची गोल डबी. तिच्यात जेलीचा थर, वर झाकण. जेलीवर नमुना पसरायचा, ऊब देणाऱ्या कपाटात ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी काय उगवलं ते बघायचं. नमुन्याचा नंबर लिहायचा तो तळाला, झाकणावर नाही. झाकण काय, निघतं, फिरतं, शेजारच्या प्लेटवर जाऊन बसतं. तळ जेलीला सोडून कुठे जात नाही. सव्वीस वर्षांत तिने हे इतक्यांदा सांगितलं होतं की भिंतीलाही पाठ झालं असेल. एकदा चष्मेवाल्याने, म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या तंत्रज्ञाने, झाकणांवर नंबर लिहिलेल्या तीस प्लेटा लावल्या होत्या. अक्काने एक अक्षर न बोलता तीसच्या तीस उचलल्या आणि कचऱ्यात घातल्या. चष्मेवाल्याचं तोंड एवढंसं झालं. माणूस वयाने तिच्याएवढाच, घरी लग्नाची मुलगी, आणि सगळ्यांदेखत ही शोभा. पण अक्काला दयामाया ठाऊक नव्हती. निदान कामात तरी नव्हती.

तिला एक भाऊ होता, चार वर्षांनी मोठा. त्याचं मटणाचं दुकान, वडलांकडून आलेलं. वडील हयात असताना कौतुकाने म्हणायचे, “एक कापतो आणि दुसरी त्यात किडे शोधते, माझं घर कसं चालायचं?” बहीणभावाचं भांडणही जुनं, तेच ते. ती दुकानात आली की दादा सुरी खाली ठेवून हात जोडायचा, “आल्या का तपासणीला? या, या.” खरं तर दुकान लखलखीत होतं. पांढऱ्या फरशा, जाळीची दारं, आणि बंद करताना मांस तोडायच्या ओंडक्याला मीठ लावून तासायचा त्याचा नेम कधी चुकला नव्हता. एकच गोष्ट तिच्या डोळ्यात सलायची. कमरेला खोचलेलं फडकं. सुरी पुसायची त्याला, ओंडका पुसायचा त्याला, हात पुसायचे त्याला, आणि दिवसभर ते ओलंच.

“दादा, ते फडकं म्हणजे तुझ्या दुकानातला सगळ्यात घाण माणूस आहे.”

“याच फडक्यावर दोन पोरं शिकली, छोटे. त्याला नावं ठेवू नकोस.”

आणि आपल्या डाव्या हाताचा त्याला भारी अभिमान. लोक म्हणायचे, काय सुरी चालते हो तुमची. तो म्हणायचा, सुरी काय, उजव्या हाताने कुणीही चालवेल. मांस धरतो तो डावा. डाव्याला कळतं हाड कुठे आहे, शीर कुठे वळली आहे. उजवा नुसता सांगकाम्या.

तोच डावा हात कापला. हाडापासून मांस सोडवताना सुरी सटकली आणि अंगठ्याच्या बेचक्यात घुसली. दादाने काय करावं? फडकं काढलं, हाताला गुंडाळलं, आणि समोरच्या बाईचं दोन किलो पुरं करून दिलं. गिऱ्हाईक अर्धवट सोडायचं नाही हा त्याचा बाणा. नवव्या दिवशी हात मनगटापर्यंत टम्म सुजला, ताप डोक्यात गेला, आणि वहिनी त्याला रिक्षात घालून इस्पितळात घेऊन आली. त्याच इस्पितळाच्या मागच्या इमारतीत अक्काची प्रयोगशाळा होती.

पहिलं औषध दोन दिवस सलाइनमधून चाललं. ताप हलला नाही. मनगटावरून एक लाल रेघ कोपराकडे चढायला लागली. वॉर्डातल्या डॉक्टर मोजकं बोलणाऱ्या, उगाच घाबरवणाऱ्या नव्हेत. त्यांनी अक्काला जिन्यात गाठून सांगितलं, “उद्या सकाळी तुमचा रिपोर्ट हातात हवा. कुठलं औषध लागू पडतं ते कळलं तर हात वाचेल. नाही कळलं तर सर्जन परवापर्यंत थांबणार नाहीत. मनगटातून काढावा लागेल.”

अक्का “बरं” म्हणाली आणि खाली आली. पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागला, हे मात्र तिने कुणाला सांगितलं नाही.

टेबलावर दोन नमुने होते. एक दादाच्या हातातला पू. दुसरा अन्न खात्याच्या इन्स्पेक्टरने आणलेला, दादाच्याच दुकानातल्या मांसाचा आणि ओंडक्याचा. इस्पितळाने कळवल्यावर ते तपासणं त्याचं कामच होतं. दोन्हींतून जंतू उगवले होते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही जुळे भाऊ दिसत होते. आता राहिली होती औषधांची परीक्षा. जंतू सगळ्या जेलीवर सारखे पसरायचे आणि वर शर्टाच्या बटणाएवढ्या कागदी डिस्क ठेवायच्या. प्रत्येक डिस्कमध्ये एक औषध. ज्या औषधाने जंतू मरतात त्याच्या डिस्कभोवती दुसऱ्या दिवशी स्वच्छ रिंगण दिसतं. ज्याला ते जुमानत नाहीत, त्याच्या अगदी कडेपर्यंत दाट वाढतात.

“अक्का, मी लावतो,” चष्मेवाला हळूच म्हणाला. “घरचं माणूस आहे. तुमचा हात...”

“लाव ना,” अक्का फाडकन म्हणाली. “आणि नंबर झाकणावर लिही, म्हणजे झालं.”

चष्मेवाला आपल्या टेबलाकडे वळला. त्याचे कान लाल झाले होते.

तिने स्वतःच लावल्या. दोन प्लेटा, प्रत्येकीवर त्याच क्रमाने सहा औषधांच्या सहा डिस्क. हातावर खरंच भरवसा नव्हता, म्हणून तिचं सगळं लक्ष पसरवण्यावर होतं. शेवटची डिस्क ठेवली आणि मग तिच्या ध्यानात आलं की तळाला नंबर लिहायचा राहिला. जेली अजून ओली होती. उलटी केली तर डिस्क सरकणार. आता काय? पाच मिनिटांचा प्रश्न, असं म्हणून तिने दोन्ही झाकणांवर नंबर टाकले. वाळलं की तळाला उतरवू. तेवढ्यात फोन वाजला. वहिनी होती. “ताई, ते काहीतरी बडबडायला लागलेत, मला ओळखत नाहीत, तुम्ही या.” अक्का धावली. जाता जाता चष्मेवाल्याला म्हणाली, “वाळल्या की माझ्या दोन आत ठेव.” त्याने पंधरा मिनिटांनी प्लेटा उलट्या करून, म्हणजे झाकण खाली आणि तळ वर अशा रीतीने, कपाटात ठेवल्या. अक्काच्या प्लेटांचे नंबर तपासण्याचं धाडस त्या खोलीत कुणालाच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ती टेबलाशी आली. रात्र वॉर्डाबाहेरच्या बाकावर गेली होती. तिने दोन्ही प्लेटा काढल्या, सव्वीस वर्षं काढते तशाच. दोन हातांनी दोन तळ उचलले, काळ्या कागदावर ठेवले आणि रिकामी झाकणं हाताच्या कडेने बाजूला सारली. झाकणांकडे कधी बघायचं असतं का? झाकण म्हणजे टरफल. दोन्ही झाकणं एकमेकांवर आपटून टेबलाच्या कोपऱ्यात जाऊन पडली.

डावीकडची प्लेट बघून तिचा जीव भांड्यात पडला. पहिल्या डिस्कभोवती काही नाही, पण पुढच्या पाचही डिस्कभोवती मोठाली रिंगणं. उजवीकडची बघून अंगावर काटा आला. पाच डिस्क जंतूंनी पार गिळल्या होत्या. फक्त सहाव्याभोवती रिंगण होतं.

रजिस्टर उघडलं, पेन घेतलं, नंबर बघायला डावी प्लेट उलटली. तळ कोरा होता.

उजवी उलटली. तोही कोरा.

मग तिने कोपऱ्यातल्या झाकणांकडे पाहिलं. दोन्हींवर तिच्याच अक्षरात ठसठशीत नंबर होते. एकावर दादाचा, एकावर दादाच्या मांसाचा. कुठलं झाकण कुठल्या तळाखालचं, हे जगात आता कुणीही सांगू शकणार नव्हतं. ती स्टुलावर बसली.

फोन वाजला. डॉक्टर.

“अक्का, रिपोर्ट?”

“बघतेय. दोन मिनिटं.”

“दुसरं औषध चालतंय का एवढंच सांगा. ते सौम्य आहे, लगेच सुरू करते. सहावं शक्यतो नको. त्यांच्या साखरेने किडन्या आधीच अर्ध्या झाल्यात, त्या बसल्या तर मी काही करू शकणार नाही. लाल रेघ कोपरापाशी आलीय. सर्जन इथेच उभे आहेत.”

“दोन मिनिटं,” अक्का पुन्हा म्हणाली.

त्या दोन मिनिटांत माणूस स्वतःशी किती खोटं बोलू शकतो, हे तिला त्या दिवशी कळलं. डावी प्लेट डाव्या हाताने उचलली, म्हणजे ती कपाटात डावीकडे होती. डावीकडे काय होतं? काल आधी दादाचीच लावली होती ना? मग डावी दादाची. नक्की. जवळजवळ नक्की. शिवाय मांस काय, दहा ठिकाणांहून येतं, फार्मवर जनावरांना काय काय औषधं टोचतात, त्यातलेच जंतू हट्टी असणार. दुकानाला टाळं लागेल कदाचित. लागू दे. पण हात? डावी दादाची असेल तर सौम्य औषध, हात वाचला, किडन्याही वाचल्या. आणि चूक कुणाला कळणारही नाही. पेन हातात होतं. तळाला एक नंबर टाकायचा, दुसऱ्याला दुसरा. अडीच सेकंदांचं काम.

तिने पेन टेकवलंही. डाव्या प्लेटच्या तळाला एक बारीक ठिपका उमटला.

जवळजवळ नक्की! हा शब्द तिने दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला असता तर त्याला टेबलावरून उठवलं असतं. तिने पेन ठेवलं, फोन उचलला आणि शेजारच्या टेबलावर स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “डॉक्टर, माझ्याकडून चूक झालीय. दोन प्लेटा आहेत. एक दादाच्या हाताची आणि एक मांसाची. मी नंबर झाकणांवर लिहिले. झाकणं सरमिसळ झाली. कुठली त्याची ते मला माहीत नाही.”

चष्मेवाल्याने मान वर केली नाही, पण त्याचं पेन थांबलं होतं.

मग डॉक्टरांनी विचारलं, “दोन्हींत चालतं असं एखादं आहे?”

“एकच. सहावं.”

“नेमकं तेच.” त्यांनी श्वास सोडलेला ऐकू आला. “अक्का, तुम्हाला आतून काय वाटतं? कुठली त्यांची?”

सांगावंसं वाटत होतं. फार वाटत होतं.

“माझ्या वाटण्यावर जाऊ नका.”

“सहावं सुरू करते. सर्जनना उद्या सकाळपर्यंत थांबवते, त्यापुढे नाही. तुम्ही परत लावा. तोवर किडन्यांचं काही झालं तर...”

“माझ्यामुळे झालं, असं लिहा,” अक्का म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

जंतू पहिल्यांदा उगवले होते त्या मूळ प्लेटा फ्रिजमध्ये होत्या. त्यांच्या तळाला नंबर होते, तिच्याच हातचे, ठळक. त्यांच्यावरून परत सगळं लावता येणार होतं. फक्त वेळ लागणार होता, आणि जंतूंना आपली घाई कळत नाही. अक्का त्या घेऊन चष्मेवाल्याच्या टेबलापाशी गेली. त्याच्याकडे काही मागायची तिला सवय नव्हती.

“तू लाव,” ती म्हणाली. “माझा हात चालत नाही.”

टोमण्याला त्याच्याकडे तीस प्लेटांचं भांडवल होतं. पण त्याने सरळ नव्या प्लेटा घेतल्या. जंतू लावायच्या आधीच प्रत्येक उलटी केली, तळाला नंबर लिहिला आणि तिच्या डोळ्यांसमोर धरला. ती वाचून मान हलवेपर्यंत तो पुढे सरकला नाही. दोन्ही वेळा.

तो दिवस कसा गेला ते तिने पुढे कधी नीट सांगितलं नाही. दुपारी दादाला लघवी कमी झाली. संध्याकाळी आणखी कमी. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि किडनीचा आकडा वाढलेला आला. वहिनी बाकावरून उठून तिच्यापाशी आली, “ताई, हे औषध इतकं जड आहे तर दुसरं नाही का?” अक्काने तिला सगळं सांगितलं, झाकणासकट. वहिनीला त्यातलं निम्मंच कळलं असेल. ती एवढंच म्हणाली, “म्हणजे कदाचित हे उगाच देतोय?”

“कदाचित.”

वहिनी तिच्या शेजारी बसली. मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून बसली.

सकाळी साडेसहाला अक्का प्रयोगशाळेच्या दाराशी पोचली तर कुलूप आधीच उघडलेलं. चष्मेवाला तिच्याआधी आला होता. प्लेटा टेबलावर होत्या, झाकणासकट. त्याने त्या उघडल्या नव्हत्या.

“तूच वाच,” ती म्हणाली. “मी लिहिते.”

त्याने पहिली उचलली, तळ बघितला. “हाताची.” मग मोजपट्टी लावली. “एक, नाही. दोन, नाही. तीन, नाही. चार, नाही. पाच, नाही.” तो थांबला. “सहा, अठरा मिलिमीटर.”

“परत मोज.”

“अठरा, अक्का.”

तिने लिहिलं. मग टेबलाच्या कडेला ठेवलेल्या कालच्या दोन प्लेटांकडे तिची नजर गेली. डावीच्या तळाला तो बारीक ठिपका अजून होता. तिने तिथे दादाचा नंबर लिहिला असता तर दादाला चोवीस तास निरुपयोगी औषध गेलं असतं आणि आत्ता, या क्षणी, सर्जन हात धूत असते. ती बेसिनपाशी गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. चष्मेवाल्याने दुसरी प्लेट वाचून रजिस्टरमध्ये स्वतःच लिहून ठेवली. चुका नोंदवायची वेगळी वही असे, तिच्यातलं पान मात्र त्याने कोरं सोडलं. ते अक्काने आल्यावर भरलं, सहीसकट.

लाल रेघ त्या दुपारी थांबली. दुसऱ्या दिवशी ओसरायला लागली. किडन्यांनी आणखी चार दिवस सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं, मग आकडा हळूहळू खाली आला. हात राहिला. अंगठा पूर्वीसारखा वळणार नाही, असं सर्जन म्हणाले.

आठव्या दिवशी दादा उशीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली, चेहरा अर्धा झालेला. वहिनी चहा आणायला गेली होती. अक्काने स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. झाकण, ठिपका, दोन मिनिटं, काही सोडलं नाही. दादा ऐकत होता. बँडेजमधला हात त्याने मांडीवर घेतला होता, झोपलेलं मूल घ्यावं तसा.

“आणि तुला कुठली वाटत होती?” त्याने विचारलं.

“दुसरी. सौम्य औषध चालत होतं ती.”

“नक्की वाटत होतं?”

“जवळजवळ.”

दादा म्हणाला, “माझंही एक ऐक मग. डॉक्टरांनी कालच काढून घेतलं माझ्याकडून, तुला सांगितलं नसेल त्यांनी. हात कापला ना, त्याच दिवशी मी गल्ल्यातल्या पाकिटातल्या कॅप्सूल घेतल्या. मागच्या वेळच्या उरलेल्या. दोन दिवस घेतल्या, सूज उतरली, बंद केल्या. परत सुजला, परत दोन घेतल्या. असं तीनदा केलं. डॉक्टर म्हणाल्या, फडक्यातून सगळेच जंतू गेले होते आत. तुमच्या कॅप्सूलनी मऊ मऊ तेवढे मारले आणि हट्टी तेवढे पाळले. दुकानातल्या मांसात ते बोटावर मोजण्याइतके असतील, माझ्या हातात त्यांचं राज्य झालं.”

अक्का स्टुलावरून उठलीच. “किती वेळा सांगितलंय मी तुला? किती वेळा? अर्धवट गोळ्या घेऊ नकोस म्हणून...”

“म्हणून तर तुला सांगितलं नाही. तू ओरडशील म्हणून.”

ती पुन्हा खाली बसली.

“ओरड ना,” दादा म्हणाला. “थांबलीस का?”

“कोणत्या तोंडाने ओरडू, दादा?”

त्याने बँडेजमधून बाहेर आलेली चार बोटं हळूच पुढे केली आणि तिचं मनगट धरलं. अंगठा आला नाही. चारच बोटं होती, आणि त्यांत जोर नव्हता. दादा त्या हाताकडे बघत होता, नवं जनावर पहिल्यांदा धरताना बघायचा तसा, हाड कुठे आहे ते चाचपत.

“ओरडत जा गं,” तो म्हणाला. “तू ओरडायची थांबलीस तर मला भीती वाटेल.”